कळसा-भांडुऱ्यावर आपण ओरडतो, मग मोलेवर गप्प का?

मित्रांनो, आज जरा कडू बोलणार आहे. राग आला तर कमेंटमध्ये काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

"म्हादई आमची आई" ही घोषणा मीही दिलीय. 2018 साली लवादाने कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिलं तेव्हा आपण सगळेच खवळलो. बरोबरच होतं ते. पण आई एकट्या कर्नाटकामुळे आजारी पडत नाही. तिच्या उशाशी बसून आपणही काय करतोय, ते बघायला नको?

मी फोंड्यात राहतो. माझ्या नळाला येणारं पाणी ओपाचं. पणजीवाल्यांनो, तुमचंही बहुतेक तिथलंच. ओपाला ते येतं खांडेपार नदीतून, आणि खांडेपार येते दूधसागरहून, मोलेच्या रानातून. हीच नदी पुढे म्हादईला मिळते. म्हणजे भगवान महावीर अभयारण्याचं 240 चौरस किलोमीटरचं रान आणि त्यातलं 107 चौरस किलोमीटरचं मोले राष्ट्रीय उद्यान ही आपली पाण्याची टाकी आहे. गवे, धनेश, शेकरू, नागराज त्या टाकीचे राखणदार. धनेश फळं खातो, बिया दूरवर टाकतो, नवी झाडं उगवतात. सदाहरित रानातला पालापाचोळा आणि मुळं पावसाचं पाणी जिरवतात नि उन्हाळ्यात हळूहळू सोडतात. डोंगर बोडका केला की 120 इंच पाऊस पडूनही काही उपयोग नाही. जुलैत गढूळ लोंढा आणि एप्रिलमध्ये टँकर!

आणि याच रानातून एकदम तीन प्रकल्प न्यायचे ठरले: रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि 400 केव्हीची वीजवाहिनी. आम्ही विरोध केला तेव्हा "विकासविरोधी" म्हणून शिव्या खाल्ल्या. पुढे काय झालं? सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 2021 मध्ये सांगितलं की, वीजवाहिनी न्यायचीच तर आधीच्या 220 केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातून न्या. मे 2022 मध्ये न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरीच रद्द केली. म्हणजे पर्याय होते. ते शोधायची इच्छा नव्हती. त्या घाटाची माती किती ठिसूळ आहे, हे जुलै 2021 मध्ये दरड कोसळून प्रवासी गाडी घसरली तेव्हा दिसलंच होतं.

आता वाघाकडे येतो. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीत गोळावली इथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला. सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं! वर गावागावात भीती की वाघ आला म्हणजे तुम्ही घराबाहेर.

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ज्याची दुभती गाय मेली त्याचं दुःख फेसबुकवर कळत नाही. त्याला भरपाई लगेच मिळालीच पाहिजे, वनहक्काचे दावेही निकाली निघालेच पाहिजेत. पण कायदा वाचा. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 38 व्ही सांगतं की, लोकांच्या स्वेच्छेशिवाय आणि हक्क मान्य केल्याशिवाय पुनर्वसन करता येत नाही. हे गावकऱ्यांना कोणी सांगितलं का?

याच कायद्याचं कलम 29 अभयारण्यातलं पाणी परवान्याशिवाय अडवायला, वळवायला मनाई करतं. कर्नाटकाविरुद्ध आपण याच कलमाचा आधार घेतो. म्हणजे कोर्टात जाताना अभयारण्य ही आपली ढाल, आणि घरी परतल्यावर तेच अभयारण्य आपल्याला अडचण! एका तोंडाने किती बोलायचं?

मला रस्ता हवा, वीजही हवी. पण पाण्याच्या टाकीला भोक पाडून नको.

ग्रामसभेत, आमदाराच्या दारात एवढंच विचारा: म्हादई वाचवणार म्हणता, मग तिचं रान कधी वाचवणार? उत्तर गोलमोल आलं, तर मत मागायला येतील त्या दिवशी पुन्हा विचारा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर नळ उघडा आणि विचार करा, हे पाणी आलं कुठून?