शरदशोभेचे मोल कोणी द्यावे?

उत्तर इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रंगांची जी उधळण होते, तिला प्रवेशशुल्क नाही. ओक, बर्च यांच्या पानांतील हरितद्रव्य ओसरते व दडलेला पिवळा रंग प्रकट होतो. डोंगरउतारांवरील नेचे तांबूस होतात आणि सरोवरांत हे वैभव द्विगुणित होऊन दिसते. निसर्गाचे हे देणे फुकटच आहे, असे पाहणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे.

टार्न हाऊज हे तेथील विख्यात तळे एकोणिसाव्या शतकात एका धनिक जमीनदाराने बंधारा घालून घडविले. पुढे लेखिका बीट्रिक्स पॉटर यांनी ती मालमत्ता घेतली व तळ्यासह तिचा अर्धा भाग नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केला. उलट, थर्लमिअर सरोवर मँचेस्टरच्या नळांसाठी १८७९ च्या कायद्याने शहराच्या हाती गेले. लोकांचा विरोध निष्फळ ठरला. १८९५ साली ट्रस्ट स्थापन झाला आणि १९५१ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान ठरला. सारांश, ही शोभा टिकली ती कायदा, देणग्या आणि सार्वजनिक पैसा यांच्या बळावर.

तो पैसा आजही लागतो. शरदात सोन्यासारखे झळाळणारे लार्च वृक्ष फायटोफ्थोरा रोगामुळे मोठ्या प्रमाणावर तोडावे लागत आहेत. त्यांच्या जागी नवी लागवड हवी. पर्यटकांच्या पावलांनी वाटा झिजतात, त्यांच्या मोटारींनी अरुंद रस्ते तुंबतात.

मग तिकीट का लावू नये? या प्रश्नास जुना इतिहास आहे. १८४४ साली कवी वर्ड्सवर्थ यांनी विंडरमिअरच्या रेल्वेला विरोध केला. गर्दीविषयीची त्यांची चिंता अनाठायी नव्हती. परंतु १८४७ मध्ये रेल्वे आली आणि लँकेशायरच्या गिरण्यांतील कामगारालाही सरोवराचे दर्शन सुलभ झाले. तिकिटाची भिंत नेमकी त्यालाच बाहेर ठेवील. शिवाय एकाने रंग पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे रंग कमी होत नाहीत. कमी होते ती रस्त्यावरील जागा. म्हणून आकार बसवावा तो मोटारीवर, माणसावर नव्हे. त्या उत्पन्नातून बससेवा वाढवावी, आणि वृक्षांचा व वाटांचा भार सरकारी तिजोरीने उचलावा.

सौंदर्य सर्वांचे आहे असे म्हणणे सोपे असते. त्याचा खर्चही सर्वांचा आहे हे अंदाजपत्रकात मान्य करणे, हीच खरी कसोटी होय.