फरशीचा हिशोब

पावसाळा ओसरला की आमच्या मनीषनगरात घरोघरी फरशी फोडण्याचा ठणठणाट सुरू होतो. दिवाळी जवळ आलेली असते, तरुण मंडळींना मोझाइकचे जुने ठिपके आवडेनासे झालेले असतात, आणि दुकानात चौरस फुटाचा दर विचारून कुटुंबप्रमुखाने मनातल्या मनात गुणाकार केलेला असतो. हा गुणाकार बहुधा अपुरा ठरतो व त्याचा भार अखेर वडीलधाऱ्यांच्या निवृत्तिवेतनावर पडतो. म्हणून या खेपेस हाच विषय घेतला आहे.

बारा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशी बैठकीची खोली घ्या. क्षेत्रफळ 180 चौरस फूट. कापाकापीत जाणारा हिस्सा धरून 200 चौरस फूट माल, म्हणजे दोन फुटी चौकोनी 50 फरश्या. दर 50 रुपये मानला तर 10,000 रुपये. येथवर शाळकरी पोरही करील. परंतु जुनी फरशी व तिच्याखालचा थर मिळून तीन इंच उकरावयाचे म्हटले, तर 45 घनफूट मलबा निघतो व त्याचे वजन अडीच टनांच्या आसपास भरते. तो घमेल्यांनी वाहावयाचा, गाडीने न्यावयाचा. नवा थर दोन इंच धरला तर 30 घनफूट वाळू-सिमेंट हवे. शिवाय कारागिराची मजुरी, भिंतीलगतचे स्कर्टिंग, आणि जमीन उंचावल्यास अडणारी दारे तासावयास सुतार! दुकानदाराच्या कागदावर यांपैकी काहीच नसते.

जुन्या फरशीवरच नवी चिकटविण्याची रीत आहे. तीत मलब्याचा खर्च वाचतो खरा. पण खालची फरशी घट्ट असेल तरच. पोकळ असेल तर जुनीबरोबर नवीही उखडते.

खर्चाचे मूळ मात्र याहूनही खाली असते. आमच्याकडील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जोत्यात मुरुमाऐवजी तीच भरली असेल, अथवा भराव थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकला नसेल, तर तळमजल्याची फरशी खचावयाचीच. फरसबंद जमिनीस संस्कृतात ‘कुट्टिम’ म्हणतात. धातू कुटण्याचा आहे. नाव ठेवणाऱ्यांना काम ठाऊक होते! आमच्या परिचयाच्या एका घरी खचलेल्या कोपऱ्यावर दोनदा नवी फरशी बसविली, आणि दोन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात कोपरा पुन्हा दोन बोटे खाली गेला. तिसऱ्या खेपेस एका वृद्ध गवंड्याने भराव उकरविला, तेव्हा न्हाणीघराच्या फुटक्या नळाचे पाणी आत मुरत असल्याचे दिसले. नळ थोडक्यात दुरुस्त झाला. दोन वेळच्या फरशीचे पैसे मातीत गेले ते गेलेच.

म्हणून आधी काठीने ठोकून पाहावे. बद्द आवाज देणाऱ्या चार-सहाच फरश्या असतील, तर तेवढ्याच काढाव्यात. मोझाइक शाबूत असेल तर घासून पॉलिश करून घेणे नव्या फरशीहून पुष्कळ स्वस्त पडते. 1922 साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या भावनेने ‘भारत टाइल्स’चा कारखाना काढला, त्या काळच्या सिमेंटच्या फरश्या जुन्या इमारतींतून अद्यापि टिकून आहेत. आपल्या चाळीस वर्षांच्या मोझाइकला म्हातारे म्हणण्याची घाई नको.

बदलावयाचीच ठरली, तर आरशासारखी चकाकी पाहून भुलू नये. घरात आजी-आजोबा असतील तेथे न्हाणीघरात व स्वयंपाकघराच्या वाटेवर खरखरीत फरशीच हवी. ओल्या गुळगुळीत फरशीवर खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेपुढे फरशीचे बिल काहीच नव्हे. नागपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा फरशी फुगण्यास जागा लागते. ‘सांधा दिसत नाही’ अशी कारागिराने प्रौढी मिरविली तरी दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवावयास लावावी. आणि पाच-सहा फरश्या खोक्यासकट माळ्यावर ठेवाव्यात. पुढील वर्षी तीच छटा बाजारात मिळेलच असे नाही.