गप्प बसा, श्रुतिका लागलीय

आमच्या पिढीच्या मराठी माणसाला टेकाडे भाऊजी कोण, हे सांगावं लागत नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून ‘पुन्हा प्रपंच’ लागायचं, त्यातले ते भाऊजी. पंत, मीनावहिनी आणि भाऊजी, एवढ्या तिघांवर अख्खा कार्यक्रम चालायचा. पंत म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि भाऊजी म्हणजे बाळ कुडतरकर. विषय घरातले आणि गल्लीतलेच. पंतांनी काहीतरी मनावर घ्यायचं, वहिनींनी त्यातली हवा काढायची आणि भाऊजींनी ऐन मोक्याला टपकून गोंधळ वाढवायचा. खून नाही, मारामारी नाही, सासूचे कावे नाहीत. तरी लोक वर्षानुवर्षं कान टवकारून ऐकत होते.

नीलम प्रभू पुढे करुणा देव झाल्या. २०१९ साली कुडतरकर गेले, करुणाताईही आता नाहीत. तेव्हापासून ‘तेव्हाचे कार्यक्रम किती सोज्वळ होते’ हे वाक्य मी लग्नकार्यांत अनेकदा ऐकलंय. ऐकलं की थोडं अंगावर येतं. सोज्वळ होते, कबूल. पण सरकारी रेडिओला दुसरा पर्यायच नव्हता. आकाशवाणीच्या आचारसंहितेत अश्लील, बदनामीकारक, कुणाच्या धर्माला दुखावणारं काहीही बसत नसे. शिवाय गंमतीजमतीच्या पोटात अल्पबचत आणि कुटुंबनियोजन असायचंच. भाऊजी विनोद करता करता कधी उपदेशावर घसरले, ते आम्हा पोरांनाही कळायचं.

यात आपलंच काही वेगळं होतं असंही नाही. बीबीसीवर १ जानेवारी १९५१ पासून देशभर ‘द आर्चर्स’ नावाची एका शेतकरी कुटुंबाची मालिका सुरू झाली. युद्धानंतर अन्नधान्याची टंचाई होती, शेतकऱ्यांनी नव्या पद्धती घ्याव्यात म्हणून शेतीखात्याच्या सल्ल्याने ती लिहिली जायची. सल्ला केव्हाच मागे पडला. मालिका आजही चालू आहे. तेव्हा सरकारी हेतूने नाटक मरतं असं नाही. ऐकणाऱ्याला त्या घरात जागा मिळाली की उपदेश तो खपवून घेतो.

ही जागा कशी मिळायची, तो खरा मुद्दा. माझं मत विचाराल तर त्याचं निम्मं श्रेय घरातल्या एकुलत्या एका रेडिओला द्यावं लागेल. गिरगावातल्या आमच्या चाळीत सगळ्यांकडे रेडिओ नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांना त्याचं लायसन्स पोस्टात भरावं लागे, आणि त्या पैशांत शेजारीही ऐकणार हे गृहीतच होतं. आमचा सेट वाल्व्हचा. लावल्यावर तापायला वेळ घ्यायचा, म्हणून आजोबा आधीच जाऊन बटण फिरवायचे. घरात सगळ्यात मोठा शत्रू स्टोव्ह. पंप मारलेला स्टोव्ह भर्रर्र सुरू झाला की मीनावहिनी काय म्हणाल्या ते देवालाही ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यामुळे आजीचा दंडक होता, चहा आधी उरकून घ्यायचा. श्रुतिका चालू असताना मुकी कामं चालत. तांदूळ निवडणं, पावटे सोलणं, बटणं लावणं. गॅलरीत उभ्या असलेल्या काकू दाराच्या चौकटीला टेकून ऐकायच्या, आणि आत या म्हटलं की, ‘नाही हो, भाजी टाकलीय’ म्हणत शेवटपर्यंत तिथेच.

अशा घरासाठी लिहिणाऱ्याची पंचाईत लक्षात घ्या. एकाच वाक्याला आजी हसली पाहिजे, बाबा हसले पाहिजेत, आणि चौथीतल्या पोराने ‘म्हणजे काय?’ विचारलं तर कुणाला खोकला येता कामा नये. हे भल्याभल्यांना जमत नाही. रेडिओसाठी लिहूनच अनेकांचा हात तयार झाला. रत्नाकर मतकरींची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ते जेमतेम कॉलेजच्या वयाचे होते. पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर तर आकाशवाणीत नोकरीलाच होते. माडगूळकरांचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. उत्तम कान असलेली माणसं सरकारी पगारावर संवाद तपासत बसली होती, हे आज सांगितलं तर थाप वाटेल.

आणि दुसरं निम्मं श्रेय आवाजाचं. नभोनाट्यात भिंती नसतात, त्या ऐकणाऱ्याला बांधाव्या लागतात. नट माइकच्या जवळ येऊन पुटपुटला की तो मनातलं बोलतोय. चार पावलं मागे सरून, तोंड वळवून बोलला की तो आतल्या खोलीत आहे. एवढ्यावर दोन खोल्यांचं बिऱ्हाड उभं राहतं. कपात चमचा फिरला की पाहुणे आले. सुक्या नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या की घोडा. पातळ पत्रा हलवला की ढगांचा गडगडाट. सेलोफेनचा कागद कानाजवळ चुरगाळून बघा, शेकोटी पेटते. पण हातातल्या संहितेचं पान उलटताना आवाज झाला तर सगळंच ओंफस. म्हणून पानं सुटी ठेवायची आणि वाचून झालं की अलगद बाजूला सरकवायचं.

चेहरे तर आपण आपलेच लावायचो. आमच्या आईची मीनावहिनी ठेंगणी, गोरी, नऊवारीतून नुकतीच पाचवारीत आलेली. दारातल्या काकूंची मात्र उंच, सावळी आणि चष्मेवाली. दोघींचा यावरून वाद व्हायचा, तोही इतक्या गांभीर्याने की जणू मुलगी बघायला दोघी वेगवेगळ्या घरी जाऊन आल्या होत्या. पुढे कधीतरी वर्तमानपत्रात नीलम प्रभूंचा फोटो आला. काकूंनी तो चष्मा पुसून नीट पाहिला आणि म्हणाल्या, “ही असेल नीलम प्रभू. मीनावहिनी नव्हे.”

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि चाळीतली गर्दी हळूहळू दुसऱ्या दारात जमू लागली. १९८४ मध्ये ‘हम लोग’ ही मालिका आली. गंमत म्हणजे तिच्याही पोटात कुटुंबनियोजनच होतं. पण आता तिच्यातल्या बडकीचा चेहरा सगळ्यांना एकच दिसत होता, वादाला जागा उरली नाही. विविध भारतीवरचं श्रुतिकांचं ‘हवामहल’ मात्र नेटाने तग धरून राहिलं.

मला हळहळ वाटते ती ध्वनिमुद्रणांची. टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं मुद्रित करायची रीत होती. क्रिकेटची आकडेवारी चेंडूगणिक जपणाऱ्या या देशात, एवढी वर्षं घरोघर ऐकलेल्या संवादांपैकी हाताला लागतं ते फुटकळ.

आता ऐकायला काही नाही अशी परिस्थिती मुळीच नाही. मराठी ऑडिओबुकं आहेत, पॉडकास्ट आहेत, आवाजाचं काम तर तेव्हापेक्षा किती तरी सफाईदार. पण कथा सांगणारा आता कानाच्या बोळक्यात शिरून बोलतो, शेजारी कोण बसलंय याची त्याला फिकीर नाही. म्हणून भय आणि खून उत्तम रंगतात, आणि पंत-वहिनींचा संसार कुणी लिहीत नाही. लिहील कशाला? चौघं मिळून हसायला घरात चौघांनी एकच आवाज ऐकायला हवा, आणि सगळ्यांच्या कानात तर वेगवेगळी बोंडं.

एकच जागा उरलीय, मोटार. गेल्या गणपतीत गावी जाताना मुलाने गाडीच्या स्पीकरवर माझ्यासाठी म्हणून एक जुनी श्रुतिका लावली. दहाएक मिनिटं मागच्या सीटवर मोबाइल चालू होते, मग एकेक करून बंद झाले. शेवटी शेवटी म्हाताऱ्याच्या हातात त्याच्या मुलाचं पत्र येतं, क्षणभर शांतता, मग कागदाचा आवाज, आणि लगेच तो बायकोला चहा टाकायला सांगतो. संपली. नात म्हणाली, “त्याने पत्र फाडलं.” सूनबाई म्हणाल्या, “छे, घडी करून खिशात घातलं.” मुलाने मागे नेऊन पुन्हा ऐकवलं, तरी निकाल लागेना. माणगावला गाडी रांगेत अडकली तोवर पत्र फाडल्याच्या बाजूने तीन मतं पडली होती. घडी केल्याचा आग्रह एकट्या सूनबाईंचा होता, आणि पुढे महाड येईपर्यंत त्या हटल्या नाहीत.