आधी ऐकावी, मग उकलावी

इंग्रजी कवितेच्या तासाला पुष्कळ वर्गांत एकच क्रम दिसून येतो. शिक्षक ओळ वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितात, विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि अखेरीस सारांश पाठ होतो. सारांशाला गुण मिळतात. कविता मात्र हातची निसटते. ‘ओड’ या काव्यप्रकाराची तर या रीतीने फारच हानी होते.

‘ओड’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ गाणे. इंग्रजीत कोणाला तरी उद्देशून गंभीर भावाने रचलेल्या कवितेस हे नाव आहे. शेलीने पश्चिमेच्या वाऱ्याला उद्देशून ओड लिहिली, तर कीट्सने नाइटिंगेल पक्ष्याला. ओड ही एक प्रकारची हाकच होय. आणि हाक मनातल्या मनात मारून कशी भागेल? म्हणून ती प्रथम मोठ्याने वाचली गेली पाहिजे.

कीट्सची शरद ऋतूवरील ओड पाहावी. १९ सप्टेंबर १८१९ रोजी, विंचेस्टर नगराबाहेर फिरून आल्यावर त्याने ती लिहिली. तिची कडवी तीन, ओळी तेहेतीस. पहिल्या कडव्यात फळे पिकतात; दुसऱ्यात शरद ऋतू एखाद्या शेतकऱ्यासारखा धान्याच्या कोठारात विसावतो; तिसऱ्यात सायंकाळचे आवाज आणि जमू लागलेले पाखरांचे थवे येतात. पिकणे, कापणी आणि निरोप हा क्रम सलग वाचणाऱ्याच्याच ध्यानी येतो. कवी तेव्हा तेवीस वर्षांचा होता. आदल्याच डिसेंबरात त्याचा धाकटा भाऊ क्षयाने वारला होता. पुढे १८२१ साली त्याच रोगाने रोम येथे तो स्वतःही निवर्तला. तरीही या कवितेत ‘मी’ हा शब्द एकदाही येत नाही. ‘कवी शरद ऋतूचे वर्णन करतो’ एवढ्या सारांशात हे संयमाचे बळ कसे मावणार?

शब्द कळल्यावाचून रस कसा कळेल, असे कोणी विचारील. हा आक्षेप खोटा नव्हे. नाइटिंगेल म्हणजे आपली कोकिळा नव्हे. तो आफ्रिकेतून वसंतात इंग्लंडला येणारा, रात्रीच्या अंधारातही गाणारा लहानसा तपकिरी पक्षी आहे. हे शिक्षकांनी सांगितलेच पाहिजे. परंतु विवरणाचे स्थान दुसरे आहे. देवळात समई लावावयाची ती मूर्ती दिसावी म्हणून. समईच पाहून परतणाऱ्याला दर्शन घडले, असे कोण म्हणेल?

म्हणून वर्गात कविता आधी दोनदा वाचली जावी. मग कोश उघडावा, शंका विचाराव्यात. आणि तास संपण्यापूर्वी ती पुन्हा एकदा, अडखळत का होईना, विद्यार्थ्यांच्याच मुखातून उमटावी.