पीएचडी करणारे नेमकं करतात काय? हे त्यांनीच सांगणं का गरजेचं आहे?

डिसेंबर २०२३. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. मराठा समाजासाठीच्या 'सारथी' संस्थेच्या फेलोशिपवर विधान परिषदेत चर्चा सुरू होती. पीएचडी करून मुलं काय दिवे लावणार, अशा आशयाचा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला आणि राज्यभर वाद पेटला.

संशोधक विद्यार्थी संतापले, ते साहजिकच होतं. पण 'इतकी वर्षं करतोस तरी काय?' हा प्रश्न त्यांना घरीही ऐकावा लागतो. त्याचं उत्तर त्यांच्याशिवाय कोण देणार?

संशोधन लोकांपर्यंत का पोहोचत नाही?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीसाठी किमान ३ आणि साधारणपणे कमाल ६ वर्षांची मुदत असते. शेवटी तयार होतो जाडजूड प्रबंध. देशभरातले हजारो प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. पण ते परीक्षकांसाठी लिहिलेले असतात. ज्या शेतकऱ्याच्या पिकावर किंवा ज्या वस्तीच्या पाण्यावर संशोधन झालं, त्यांना ते कळत नाही.

यावर काही उपाय निघाले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये 'थ्री मिनिट थिसिस' स्पर्धा सुरू केली. एक स्लाइड आणि तीन मिनिटं, तेवढ्यात आपलं संशोधन समजावून सांगायचं. भारतात विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये 'अवसर' स्पर्धा आणली. त्यात संशोधकानं आपलं काम सोप्या भाषेत गोष्टीसारखं लिहायचं. पीएचडी गटातलं पहिलं बक्षीस १ लाख रुपयांचं होतं.

मग अनुभवांचं काय?

संशोधन सांगितलं तर बक्षीस मिळतं. पण फेलोशिप रखडली आहे किंवा गाईड भेटतच नाहीत, हे सांगितलं तर? प्रगती अहवालावर सही गाईडची, प्रबंध जमा करताना सही गाईडची, पुढे नोकरीसाठी शिफारसपत्रही बहुतेकदा त्यांचंच. एवढं सगळं एकाच व्यक्तीच्या हातात असताना नाव देऊन तक्रार करायला विद्यार्थी कचरतात.

बोलल्यानं फरक पडतो का?

पडतो. २०१८ च्या अखेरीस देशभरातले संशोधक फेलोशिपवाढीसाठी रस्त्यावर उतरले, सोशल मीडियावरही बोलले. जानेवारी २०१९ पासून जेआरएफ महिना २५ हजारांवरून ३१ हजार रुपये झाली. जानेवारी २०२३ पासून ती ३७ हजार झाली.

मात्र ही मागणी सरकारकडे होती आणि सगळे मिळून करत होते. आपल्याच विभागातल्या अडचणीबद्दल विद्यार्थी एकटा बोलतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कुणी नसतं. त्यासाठी गाईड आणि विभागाबाहेरची, नाव गुप्त ठेवणारी तक्रार व्यवस्था लागेल.

फेलोशिपचा पैसा जनतेचा आहे. त्यातून काय हाती लागलं हे जसं लोकांना कळायला हवं, तसंच अर्ध्या वाटेवर पीएचडी सोडणाऱ्यानं ती का सोडली, हेही कळायला हवं.