हिरव्या पानातील पिवळे द्रव्य

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या तालुक्यांत मका मोठ्या प्रमाणावर होतो. त्यातील बराचसा दाणा कोंबडीखाद्यासाठी विकला जातो व अंड्याच्या बलकास त्यामुळे पिवळेपणा येतो. घरी भाकरी मात्र पांढऱ्या ज्वारीची. तेव्हा 'अ' जीवनसत्त्वासाठी मुलांना पिवळा मकाच द्यावा, असे कोणासही सुचेल. आमच्या मते हा उपाय अपुरा आहे.

मक्याच्या रंगात ल्युटीन व झिॲक्सँथीन यांचा भाग अधिक. ती डोळ्यांस उपकारक खरी; परंतु त्यांपासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनत नाही. ते मुख्यत्वे बीटा-कॅरोटीनपासून बनते आणि साध्या मक्यात ते थोडेच असते. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने 2017 साली दिलेल्या 'पुसा विवेक क्यूपीएम 9 सुधारित' या वाणात त्याचे प्रमाण वाढविलेले आहे.

शेवग्याच्या पानाची गोष्ट निराळी. तेथे पिवळे द्रव्य हरितद्रव्याखाली दडलेले असते व पान पिकले म्हणजे उघडे पडते. हरितद्रव्यास जो प्रकाश नीट घेता येत नाही तो मिळवून देणे आणि वैशाखातील प्रखर उन्हापासून पानाचे रक्षण करणे, हे त्याचे काम होय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत 100 ग्रॅम पानांत 6780 मायक्रोग्रॅम कॅरोटीन दिले आहे. गाजरात 1890 आणि शेवग्याच्या शेंगेत अवघे 110. शेंग आपण बाजारात नेतो व छाटणीचा पाला शेळीपुढे टाकतो. शेळीस तो मानवतो, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्याच वस्तीतील एखादे मूल दिवेलागणीस चाचपडत चालते, हे बरे नव्हे.

पाला धुऊन, मूगडाळ घालून, झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवावा. फोडणीच्या तेलात काटकसर करू नये, कारण स्निग्धांशाविना कॅरोटीन अंगी लागत नाही. वाळवावयाचा झाल्यास सावलीत वाळवावा. उन्हात कॅरोटीनचा नाश होतो. लहान मुलांस सहा महिन्यांनी मिळणारा 'अ' जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नये, आणि अंधारात न दिसणाऱ्या मुलास तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंगणवाडीच्या कुंपणालगत शेवग्याची दोन झाडे लावून घ्यावीत. बागाईतदारांनी छाटणीचा दिवस वस्तीत आधी कळवावा. मात्र नुकतेच औषध फवारलेल्या बागेतील पाला कोणी खाण्यास नेऊ नये.