आधी कॉलेजच्या खिडकीवर, आता पोर्टलवर: धाराशिवच्या मुलांना अकरावीच्या यादीची इतकी वाट का पाहावी लागते?

दहावीचा निकाल लागला की गावात एक प्रश्न हमखास विचारला जातो, "कुठं घेतलं ॲडमिशन?" धाराशिव जिल्ह्यात अनेक वर्षं या प्रश्नाचं उत्तर जूनमध्येच तयार असायचं. २०२५ मध्ये मात्र जुलै उजाडला तरी कित्येक घरांत उत्तर एकच होतं, "अजून यादी लागायचीय."

राज्य सरकारने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन पद्धतीने सुरू केले. त्याआधी ही केंद्रीय पद्धत मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती अशा मोठ्या शहरी भागांत होती. धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा अशा ठिकाणी मुलं थेट कॉलेजात जात, फॉर्म भरत आणि कॉलेज आपल्या पातळीवर यादी लावत असे.

या बदलाने नेमकं काय झालं? जागा पुरेशा असताना वाट का पाहावी लागते? आणि या वाट पाहण्याची किंमत कोण मोजतं?

निकाल ते पहिला तास: ९० दिवस

२०२५ चं वेळापत्रक बघितलं की चित्र स्पष्ट होतं.

- १३ मे: दहावीचा निकाल जाहीर. राज्याचा निकाल ९४.१० टक्के.
- २१ मे: ऑनलाइन नोंदणी सुरू होण्याचा दिवस. पण पोर्टल नीट चाललंच नाही आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली.
- २६ मे: नोंदणी प्रत्यक्षात सुरू.
- जून: अर्ज, पसंतीक्रम आणि कोट्यातील प्रवेशांची 'शून्य फेरी'.
- २६ जून: पहिल्या गुणवत्ता यादीची ठरलेली तारीख. ती पुढे गेली.
- २८ जून: पहिली यादी जाहीर.
- ११ ऑगस्ट: अकरावीचे वर्ग सुरू.

म्हणजे निकालापासून पहिल्या यादीपर्यंत ४६ दिवस आणि निकालापासून पहिल्या तासापर्यंत ९० दिवस. निकाल त्या वर्षी मेच्या मध्यालाच, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर लागला होता. प्रवेशही लवकर होतील, ही अपेक्षा त्यामुळेच होती.

दोन पद्धतींमधला फरक काय?

जगभरात प्रवेश देण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एक म्हणजे अर्ज येतील तसे निर्णय देत जायचं आणि जागा संपल्या की थांबायचं. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं अशा पद्धतीने प्रवेश देतात. तिला तिकडे 'रोलिंग ॲडमिशन' म्हणतात. दुसरी म्हणजे सगळ्यांचे अर्ज एकत्र येईपर्यंत थांबायचं आणि मग गुणवत्तेनुसार एकदम यादी लावायची.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात कागदोपत्री कॉलेजनिहाय गुणवत्ता यादी असली, तरी जिथे जागा जास्त आणि अर्ज कमी होते तिथला व्यवहार पहिल्या पद्धतीच्या जवळ जाणारा होता. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जायचं, फी भरायची आणि पावती घेऊन परतायचं.

२०२५ मध्ये जिल्हा दुसऱ्या पद्धतीत आला. आता परंड्यातल्या कॉलेजात जागा रिकामी असली आणि ती मागणारा विद्यार्थी दारात उभा असला, तरी राज्यभराची यादी लागेपर्यंत दोघांनाही थांबावं लागतं.

यादी लागते कशी?

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, गुण आणि आरक्षणाची कागदपत्रं. दुसऱ्या भागात कॉलेजांचे पसंतीक्रम. २०२५ मध्ये किमान एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं निवडता येत होती.

त्यानंतर प्रणाली सर्व विद्यार्थ्यांना गुणांनुसार क्रम लावते. वरच्या विद्यार्थ्याची पहिली पसंती तपासते. तिथे जागा असेल तर देते, नसेल तर दुसरी, मग तिसरी. एका विद्यार्थ्याला एका फेरीत एकच कॉलेज मिळतं.

इथे एक नियम कळीचा आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक असतं. न घेतल्यास विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो आणि त्याला शेवटच्या, सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर मात्र निवड विद्यार्थ्याच्या हातात असते. प्रवेश घ्यायचा किंवा पुढच्या फेरीची वाट पाहायची.

समजा, कळंबच्या एका मुलीने लातूरचं नावाजलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर, लातूरचंच दुसरं कॉलेज दुसऱ्या आणि कळंबचं कॉलेज तिसऱ्या क्रमांकावर टाकलं. पहिल्या यादीत तिला कळंब मिळालं. तिने ते घेतलं तर लातूरचा विषय संपला. नाही घेतलं तर कळंबची ती जागा दुसऱ्या कोणाला जाऊ शकते. पुढच्या फेरीत लातूरचा कटऑफ खाली येईलच याची खात्री नाही, कारण कोटा किती रिकामा राहिला आणि आधीच्या यादीतल्या किती जणांनी प्रवेश घेतला नाही यावर ते ठरतं. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना जवळपास जुगारासारखा निर्णय मोजक्या दिवसांत घ्यावा लागतो.

जागा भरपूर, मग अडतं कुठं?

२०२५ मध्ये राज्यात १४ लाख ५५ हजार ४३३ नियमित विद्यार्थी दहावी उत्तीर्ण झाले. अकरावीच्या जागा होत्या २१ लाखांच्या आसपास. राज्याचा एकत्रित हिशोब केला तर एकही विद्यार्थी जागेअभावी बाहेर राहायला नको.

तरीही पहिल्या यादीचे आकडे वेगळं सांगतात. या फेरीसाठी सुमारे १० लाख ६६ हजार विद्यार्थी होते. त्यातल्या ६ लाख ३२ हजार १९४ जणांना कॉलेज मिळालं. ४ लाख ५७ हजार ८४१ जणांना पहिल्याच पसंतीचं मिळालं. उरलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना पहिल्या यादीत काहीच मिळालं नाही.

याचं मोठं कारण म्हणजे रिकाम्या जागा आणि मुलांची मागणी एकाच ठिकाणी नसते. दहापैकी दोन-तीनच पसंती भरल्या आणि त्याही सगळ्या चढाओढीच्या कॉलेजांच्या, तर शेजारच्या कॉलेजात बाकं रिकामी असूनही यादीत नाव येत नाही.

धाराशिवच्या बाबतीत ही चढाओढ जास्तच तीव्र आहे. जिल्हा लातूर विभागीय मंडळात येतो. २०२५ मध्ये राज्यात २११ विद्यार्थ्यांना दहावीत १०० टक्के गुण मिळाले. त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतले होते. त्यात 'लातूर पॅटर्न'चं आकर्षण. राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेसाठी मराठवाड्यातूनच नव्हे, बाहेरूनही मुलं येतात. त्यामुळे ९२-९३ टक्के मिळवलेल्या मुलालाही इथे पहिल्या यादीची खात्री वाटत नाही.

वाट पाहण्याची किंमत

जून-जुलै हे महिने धाराशिवच्या शेतकरी घरात पैशाच्या ओढाताणीचे असतात. खरिपाची पेरणी असते. सोयाबीन हे जिल्ह्याचं मुख्य पीक. बियाणं, खत, मजुरी यांत हातातली रक्कम जाते. याच दिवसांत लातूरला खोली किंवा वसतिगृह धरायचं का, क्लासची फी भरायची का, हे ठरवायचं असतं. यादी लागली नसेल तर दोनच वाटा उरतात. एक तर अंदाजाने पैसे भरून मोकळं व्हायचं किंवा थांबून चांगली खोली आणि क्लासची जागा गमवायची.

नीट आणि जेईईच्या खासगी क्लासना मात्र यादीची गरज नसते. त्यांचे वर्ग कॉलेजच्या आधीच सुरू होतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची मुलं जूनपासून शिकू लागतात. ज्यांची सगळी भिस्त कॉलेजच्या वर्गावर आहे, त्यांचा अभ्यास २०२५ मध्ये ११ ऑगस्टला सुरू झाला. बारावीची परीक्षा आणि प्रवेश परीक्षा मात्र दोघांनाही एकाच दिवशी द्यायची आहे.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. वाडी-वस्तीवरच्या अनेक मुलींचं शिक्षण या पासवर चालतं. पण पास मिळतो तो शाळा-कॉलेजच्या नोंदीवर. प्रवेशच नसेल तर पास नाही. दहावीनंतर मुलगी घरी बसली की तिचं पुढचं काय, याची चर्चा सुरू व्हायला वेळ लागत नाही. शेजारचा बीड आणि मराठवाड्यातलाच परभणी हे जिल्हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बालविवाहाच्या बाबतीत राज्यात वरच्या स्थानी होते. अशा पट्ट्यात मुलीचं नाव हजेरीपटावर लवकर लागणं ही तिच्यासाठी ढालच असते.

मग जुनी पद्धत बरी होती का?

इतकं सरळ उत्तर नाही.

जुन्या पद्धतीत कॉलेजची यादी कशी लागली, कोणाला आत घेतलं, आरक्षणाच्या जागा खरंच त्या प्रवर्गाला मिळाल्या का, हे बाहेरच्या माणसाला तपासणं अवघड होतं. ओळख आणि देणगी यांना वाव होता. एकच हुशार विद्यार्थी तीन कॉलेजांत जागा अडवून ठेवू शकत होता. लातूरला अर्ज करायचा तर फॉर्म आणायला, भरायला आणि यादी बघायला वेगवेगळ्या चकरा घालाव्या लागत. भूम किंवा वाशीहून असा एक हेलपाटा म्हणजे पालकाची एक दिवसाची मजुरी.

केंद्रीय पद्धतीत कटऑफ सगळ्यांसमोर येतो. आरक्षण प्रणालीतच बसवलेलं असतं. शेतमजुराच्या मुलीला गावात बसून लातूरच्या कॉलेजवर हक्क सांगता येतो. राज्यभर जागा किती आणि मुलं किती, हे सरकारलाही कळतं.

अर्थात, सगळ्याच जागा या यादीतून जात नाहीत. संस्थांतर्गत १० टक्के, व्यवस्थापन ५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के कोटा असतो. या जागा आधी भरतात आणि ज्या उरतात त्या कॉलेजने परत केल्या की सर्वसाधारण फेऱ्यांत येतात.

एक निर्णय अडला की सगळं राज्य थांबतं

केंद्रीय पद्धतीचा मोठा धोका तिच्या केंद्रीय असण्यातच आहे. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली. दुसऱ्याच दिवशी लागायची असलेली अकरावीची दुसरी यादी थांबली आणि प्रक्रिया सुमारे अडीच महिने रखडली. पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नव्हती. अकरावीसाठी सरकारने सीईटी ठरवली आणि १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०२५ मध्येही अल्पसंख्याक संस्थांतल्या सामाजिक आरक्षणाला जूनमध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली.

२०२० मध्ये अशा धक्क्याचा थेट फटका शहरी भागांना बसला होता. आता मुंबईत सर्व्हर बंद पडला किंवा आदेश आला, तर लोहाऱ्यातला विद्यार्थीही थांबतो.

काय करता येईल?

चढाओढीच्या कॉलेजांसाठी सामायिक यादी हाच न्याय्य मार्ग आहे. पण जिथे अर्जांपेक्षा जागा जास्त आहेत आणि विद्यार्थ्याला तेच कॉलेज हवं आहे, तिथे पहिल्या टप्प्यातच प्रवेश पक्का करणं अशक्य नाही. ते झालं तर निम्मा ताण उतरेल. दुसरं, पोर्टलची चाचणी निकालाआधी पूर्ण व्हायला हवी. तिसरं, जाहीर केलेली तारीख पाळायला हवी. महिनाभर थांबायचं आहे हे आधी माहीत असेल तर घर त्याप्रमाणे पैसे आणि कामं लावतं. रोज बदलणाऱ्या तारखेचं नियोजन कोणालाच करता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या हातात असलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत:

- पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथे खरोखर जायचं आहे. मिळाल्यावर नाकारलं तर नियमित फेऱ्या बंद होतात.
- दहाच्या दहा पसंती भरा. शेवटच्या दोन-तीन जागा घराजवळच्या, प्रवेशाची खात्री असलेल्या कॉलेजांना द्या.
- गेल्या वर्षीचा कटऑफ बघा, पण त्याला हमी समजू नका.
- जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर यांसारखे दाखले निकालाआधीच काढून ठेवा.
- लॉगिनचा पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल नंबर घरचाच ठेवा, नेट कॅफेवाल्याचा नको.

अकरावीची यादी ही सरकारसाठी २१ लाख जागांची जुळवाजुळव आहे. धाराशिवच्या एखाद्या घरात ती पोरगी सोमवारपासून एसटीने कळंबला जाणार की लातूरला खोली बघायची, इतकाच प्रश्न असतो. पद्धत पारदर्शक झाली, हे चांगलंच झालं. पण पेरणी तारखेची वाट पाहत नाही आणि पंधरा-सोळाव्या वर्षीचे तीन महिनेही परत मिळत नाहीत.